कोणी कोणासाठी थांबावे?

ख्रिस्तसभेचे उपासनावर्ष सुरू होते तेच मुळी प्रतीक्षेने. आगमनकाळाच्या चार आठवड्यांत आपण एकेक मेणबत्ती पेटवत जातो आणि येणाऱ्याची वाट पाहतो. वृद्ध शिमोन आणि संदेष्टी हन्ना यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि अखेर त्यांचे डोळे निवले. पेरणी करून आभाळाकडे पाहणारा शेतकरी, दिवस मोजणारी गरोदर माता, परदेशी गेलेल्या मुलाच्या परतीकडे डोळे लावून बसलेला बाप, या साऱ्यांच्या प्रतीक्षेत प्रेम असते आणि आशाही असते. अशी प्रतीक्षा माणसाला मोठे करते.

परंतु प्रत्येक प्रतीक्षेच्या वाट्याला ही प्रतिष्ठा येत नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याकाठी पडून राहिलेल्या एका माणसाची हकिकत आहे. तळ्याचे पाणी हलले की जो पहिल्याने त्यात उतरेल तो बरा होईल, अशी लोकांची समजूत होती. हा माणूस अडतीस वर्षे आजारी होता. त्याला उचलून पाण्यात नेणारे कोणी नव्हते आणि तो कसाबसा काठाशी पोहोचेपर्यंत दुसराच कोणी पुढे उतरलेला असे. नियम सर्वांना सारखा होता: जो आधी पोहोचेल त्याला लाभ. त्या नियमात कोणाविरुद्ध आकस नव्हता, कोणाची वशिलेबाजी नव्हती. तरीही अडतीस वर्षे तो नियम एकाच माणसाला मागे ठेवत राहिला. सारखा नियम म्हणजे सारखा न्याय असे आपण सहज धरून चालतो. तळ्याकाठचा तो माणूस आपल्याला थांबवून विचारतो, हे खरोखर तसे आहे काय?

आम्हांला हा प्रश्न आज अगदी साध्या, रोजच्या जागी भेटतो. ती जागा म्हणजे शहरातला चौक आणि त्यातला लाल दिवा.

दिव्याला काय दिसते?

सकाळी साडेआठची वेळ घ्या. चौकात लाल दिवा लागला आहे. दिव्यापाशी एक बस उभी आहे आणि तिच्या मागेपुढे, डाव्याउजव्या अंगाला मोटारी आहेत. बसमध्ये साठ माणसे आहेत: रात्रपाळी संपवून घरी निघालेली परिचारिका, चार घरची धुणीभांडी करायला निघालेली बाई, महाविद्यालयात जाणारी मुले, दवाखान्याची वेळ गाठायची म्हणून लवकर निघालेले एक वृद्ध जोडपे. पुढच्या मोटारीत एकच गृहस्थ आहेत. दिवा हिरवा होईपर्यंत दोघेही सारखेच थांबतात. वरवर पाहता यात अन्याय कसला? लाल दिवा श्रीमंताला ओळखत नाही आणि गरिबालाही ओळखत नाही.

पण दिव्याला मुळात माणूसच दिसत नाही. त्याला वाहन दिसते. चौकातील दिव्यांची वेळ ठरवताना कोणत्या रस्त्यावरून किती वाहने येतात हे प्रामुख्याने मोजले जाते. त्या मोजणीत बसला फार तर मोठे वाहन म्हणून दोन-तीन मोटारींएवढी किंमत मिळते, कारण ती तेवढी जागा अडवते. तिच्या पोटात साठ जीव आहेत ही गोष्ट हिशेबात येतच नाही.

रस्त्यावरच्या सिग्नलचा इतिहास १८६८ सालापासून सुरू होतो. त्या वर्षीच्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ गॅसवर जळणारा लाल-हिरवा दिवा उभारण्यात आला. जे. पी. नाइट या रेल्वेच्या अभियंत्याची ती कल्पना होती. महिन्याभरातच गॅसचा स्फोट झाला आणि तो प्रयोग मागे पडला. पुढे १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात विजेचा सिग्नल आला आणि मग तो जगभर पसरला. त्यामागचा मूळ हेतू स्तुत्य होता. ज्याच्या गाडीचे घोडे दांडगे त्याने आधी घुसावे या दंडेलीला त्या दिव्याने लगाम घातला. दिवा हा दंडेलीवरचा पहिला विजय होता. मात्र पहिल्या विजयापाशी न्यायाची वाटचाल संपत नाही.

एक काल्पनिक, पण साधे गणित मांडून पाहू. साठ प्रवाशांची बस लाल दिव्यापाशी तीस सेकंद थांबली, तर सर्व प्रवाशांचे मिळून अठराशे सेकंद, म्हणजे अर्धा तास खर्ची पडला. आता ती बस चौकाच्या जवळ येत असतानाच हिरवा दिवा दहा सेकंद जास्त चालू ठेवला असता तर? आडव्या रस्त्यावर दहा मोटारी उभ्या आहेत आणि त्यांत पंधरा माणसे आहेत असे धरू. त्यांना दहा सेकंद अधिक थांबावे लागले असते. त्यांचे मिळून दीडशे सेकंद, म्हणजे अडीच मिनिटे झाली असती. एका बाजूला तीस मिनिटे, दुसऱ्या बाजूला अडीच मिनिटे. हा एका चौकातला, एका बसचा हिशेब झाला. बसच्या मार्गावर असे किती चौक असतात आणि दिवसभरात किती बसगाड्या त्यांतून जातात, ते वाचकांनीच मनाशी आणावे.

पैसा घेतला तर आपण त्याला चोरी म्हणतो. वेळ घेतला तर आपण त्याला वाहतूक म्हणतो. वस्तुतः वेळ हा आयुष्याचाच तुकडा आहे. घरकाम करणाऱ्या बाईची रोजची अर्ध्या तासाची खोटी म्हणजे तिच्या लेकराचा अभ्यास घेण्याचा, देवघरापुढे रोझरी म्हणण्याचा किंवा दोन घटका पाठ टेकण्याचा वेळ असतो. तो परत करता येत नाही.

यंत्राला शिकवलेला विवेक

यावर अभियंत्यांनी जो उपाय शोधला आहे त्याला सिग्नलचा अग्रक्रम म्हणता येईल. त्याची रीत फार अवघड नाही. चौकाच्या अलीकडे काही अंतरावर रस्त्याखाली तारेचे वेटोळे पुरलेले असते. बस किंवा ट्राम त्यावरून गेली की सिग्नलच्या नियंत्रकाला ती आल्याची वर्दी मिळते. अलीकडे बसमधले यंत्रच उपग्रहाच्या साहाय्याने आपला ठावठिकाणा कळवू शकते. वर्दी मिळाली की नियंत्रक दोहोंपैकी एक गोष्ट करतो. दिवा हिरवा असेल तर तो थोडे सेकंद अधिक हिरवा ठेवतो. लाल असेल तर लाल दिवा थोडा आधी संपवतो. बस थांब्याची जागाही त्यासाठी विचारपूर्वक निवडावी लागते. थांबा चौकाच्या अलीकडे असला तर प्रवासी चढता-उतरताना मिळालेला हिरवा दिवा वाया जातो. म्हणून शक्यतो तो चौकाच्या पलीकडे ठेवतात. बस आधी चौक ओलांडते आणि मग थांबते.

या योजनेतील तीन गोष्टी नीतीच्या दृष्टीने आम्हांला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली ही की, रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यासाठी राखून ठेवलेला किमान वेळ कोणत्याही कारणाने कमी केला जात नाही. काठी टेकत चालणाऱ्या आजीच्या सेकंदांतून बसला वाटा द्यायचा नाही, ही त्या व्यवस्थेची लक्ष्मणरेषा आहे. दुसरी ही की, आडव्या रस्त्यावरील लोकांचे जे सेकंद घेतले, ते पुढच्या आवर्तनात त्यांना परत देण्याची सोय करता येते. तिसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. अनेक ठिकाणी प्रत्येक बसला सरसकट अग्रक्रम दिला जात नाही. जी बस वेळापत्रकाच्या मागे पडली आहे तिलाच तो मिळतो. जी वेळेवर आहे ती इतरांसारखी थांबते. म्हणजे हा अग्रक्रम मानाचा नाही, गरजेचा आहे.

उशीर झालेल्या बसची गरज काय असते हे थांब्यावर ताटकळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बस उशिरा आली की थांब्यावर अधिक माणसे जमलेली असतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो. पुढच्या थांब्यावर त्याहून अधिक माणसे असतात. तोवर मागची, जवळजवळ रिकामी बस येऊन तिला गाठते. अर्धा तास एकही बस नाही आणि मग एकामागे एक तीन, हा आपला नेहमीचा अनुभव यातूनच येतो. योग्य वेळी मिळालेले दहा सेकंद हे दुष्टचक्र सुरू होण्याआधीच थांबवू शकतात. शिवाय फेरी लवकर पूर्ण झाली की तेवढ्याच बसगाड्यांतून अधिक सेवा देता येते. एका मार्गावर बारा बसगाड्या असतील आणि येऊन-जाऊन फेरीला दोन तास लागत असतील, तर दर दहा मिनिटांनी एक बस मिळते. तीच फेरी एकशे आठ मिनिटांत झाली तर दर नऊ मिनिटांनी मिळते. नवी बस नाही, नवा चालक नाही, केवळ चौकातली खोटी कमी झाली.

एका शहराने केलेली निवड

हे केवळ कागदावरचे स्वप्न नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहराने ते गेली अनेक दशके आचरणात आणले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या तशा तेथील अरुंद रस्त्यांवर ट्राम अडू लागल्या. ट्रामला जमिनीखाली न्यावे, म्हणजे वरचे रस्ते मोकळे होतील, अशी योजना १९६२ साली नागरिकांच्या मतदानापुढे आली आणि लोकांनी ती नाकारली. १९७३ साली भुयारी रेल्वेची मोठी योजना आली. तीही लोकांनी नाकारली. त्यानंतर १९७७ साली नागरिकांनीच पुढे आणलेला एक प्रस्ताव मतदानात संमत झाला. ट्राम आणि बस यांना रस्त्यावरच अडथळ्यांतून मोकळे करण्यासाठी दहा वर्षांत वीस कोटी फ्रँक खर्च करावेत, असा तो प्रस्ताव होता.

मग तेथील चौकांतील दिव्यांना ट्रामची ओळख शिकवण्यात आली. ट्राम जवळ आली की शक्यतो तिला थांबावेच लागू नये, हे उद्दिष्ट ठेवण्यात आले. शहराच्या वेशीवरील काही सिग्नल मोटारींना थोडे थोडे करून आत सोडतात, जेणेकरून आतले रस्ते तुंबू नयेत. परिणाम असा की, तेथे पेढीवरचा मोठा अधिकारीही ट्रामने कामाला जातो आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. आपल्या मुंबईने १८७४ साली सुरू झालेली ट्राम १९६४ साली कायमची बंद केली. झुरिकने ती राखली, इतकेच नव्हे तर तिला वाट करून दिली.

या हकिकतीत आम्हांला यंत्रापेक्षा मतदान अधिक महत्त्वाचे वाटते. ट्रामला जमिनीखाली धाडणे म्हणजे सार्वजनिक वाहनाने प्रवास करणाऱ्यांना दृष्टीआड करून वरचा रस्ता मोटारींना देणे होते. झुरिकच्या लोकांनी दोनदा नकार दिला आणि तिसऱ्या वेळी एकमेकांसाठी थांबायला मान्यता दिली. त्यांच्यांत मोटारवाले नव्हते काय? होतेच. त्यांनी स्वतःच्या थांबण्याला संमती दिली, आणि लादलेली प्रतीक्षा व स्वीकारलेली प्रतीक्षा यांतला फरक तो हाच.

कोणाचा वेळ मौल्यवान?

आपल्या देशात हा प्रश्न न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेला आहे. २००८ साली दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद या सुमारे सहा किलोमीटरच्या रस्त्यावर बसगाड्यांसाठी मधोमध स्वतंत्र मार्गिका आखण्यात आली. मार्गिका झाली, पण चौकांतील सिग्नलची आवर्तने लांबलचक राहिली, मोटारींच्या रांगा वाढल्या आणि ओरड सुरू झाली. मार्गिका चौकापर्यंतच साथ देते. चौकात गाठ दिव्याशीच असते, हा धडा त्यातून मिळाला. पुढे ही मार्गिका रद्द करावी म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. मोटारीतून जाणारे लोक राष्ट्राची संपत्ती निर्माण करणारे आहेत, त्यांचा वेळ रांगेत वाया जातो, असा युक्तिवाद त्यात करण्यात आला. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. तरीही लोकमताचा रेटा कमी झाला नाही आणि २०१६ साली ती मार्गिका उखडण्यात आली.

याचिका फेटाळली गेली, पण तो युक्तिवाद मेला नाही. तो अनेकांच्या मनात आहे, म्हणून त्याचा शांतपणे विचार केला पाहिजे. संपत्ती निर्माण करणारा कोण? बसमधली परिचारिका रुग्णाची शुश्रूषा करते, तेव्हा ती काय निर्माण करते? इमारतीवर विटा चढवणारा मजूर, शाळेत शिकवणारी शिक्षिका, पहाटे भाजीच्या जुड्या बांधून बाजार गाठणारी बाई, यांच्या श्रमातून काही निर्माण होत नाही काय? आणि समजा, एखाद्याच्या तासाची बाजारातली किंमत खरोखरच दहापट असली, तरी देवाने त्याला दिवसाचे दोनशे चाळीस तास दिलेले नाहीत. वेळेच्या वाटपात परमेश्वराने राजा आणि रंक यांना एकाच मापाने दिले आहे. ते माप बदलण्याचा अधिकार चौकातल्या दिव्याला कोणी दिला?

संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाची व्याख्या करताना म्हटले आहे की, ज्याचे त्याला देण्याची दृढ आणि अखंड इच्छा म्हणजे न्याय. समाजाच्या मालकीची वस्तू वाटताना प्रत्येकाला सारखा तुकडा देणे पुरेसे नसते. प्रमाण पाहावे लागते, असेही त्यांनी सांगितले. रस्ता ही समाजाच्या मालकीची वस्तू आहे आणि हिरव्या दिव्याचे सेकंदही तसेच. ते वाहनांत सारखे वाटले तर माणसांत विषम वाटले जातात. माणसांत सारखे वाटायचे तर वाहनांत विषम वाटावे लागतात. बसला अग्रक्रम देणे ही मेहेरबानी नाही. बसमधल्या साठ माणसांची साठ माणसे म्हणून केलेली ती पहिली शिरगणती आहे.

संख्या, मान आणि गरज

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. न्याय म्हणजे केवळ डोकी मोजणे असे ठरवले तर एक वेगळाच अन्याय दाराशी येतो. रुग्णवाहिकेत एकच रुग्ण असतो. बसमध्ये साठ निरोगी माणसे असतात. मग रुग्णवाहिकेने थांबावे काय? तसे कोणीही म्हणणार नाही. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली करण्यात आली. नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून एका हरवलेल्या मेंढराच्या शोधात निघणारा मेंढपाळ हाच आपल्या श्रद्धेचा आदर्श आहे. ज्याचा जीव धोक्यात आहे तो एकटा असला तरी पहिला.

दुसऱ्या बाजूला मानाचा अग्रक्रम आहे. मोठ्या अधिकाऱ्यांच्या आणि मंत्र्यांच्या गाड्यांवर लाल दिवा असे आणि त्यांच्यासाठी सामान्यांना ताटकळावे लागे. १ मे २०१७ पासून ते दिवे आपल्या देशात काढून टाकण्यात आले. तो निर्णय योग्य होता, कारण त्या दिव्याने पदाला वाट दिली होती, गरजेला नाही.

तेव्हा आम्हांला असे दिसते की, संख्या मानाच्या मिरासदारीला आवर घालते आणि गरज संख्येच्या मिरासदारीला आवर घालते. चौकातला क्रम असा लागावा: ज्याचा जीव धोक्यात आहे तो पहिला, ज्याची पावले मंद आहेत तो पादचारी त्याच्या पाठोपाठ, मग एका वाहनात एकत्र बसलेले अनेक जण, आणि शेवटी ज्याच्यापाशी स्वतःचे वाहन, स्वतःची सावली आणि गारवा आहे तो. शेवटचे ते पहिले होतील, हे प्रभूचे वचन आपण प्रवचनात अनेकदा ऐकतो. चौकात त्या वचनाला सेकंदांचे माप मिळते.

काही आक्षेप प्रामाणिक आहेत आणि त्यांना प्रामाणिक उत्तर हवे. आडव्या रस्त्यावर केवळ सुखवस्तू माणसेच नसतात. तेथे रिक्षावाला असतो, टेम्पोतून माल नेणारा छोटा व्यापारी असतो, दुसऱ्या मार्गाची बसही असते. म्हणूनच घेतलेले सेकंद परत देण्याची सोय आणि अग्रक्रमाला मर्यादा या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जेथे बसच पाऊण तासाने येते, तेथे चौकात दहा सेकंद वाचवून काय साधणार? हे खरे आहे. सिग्नल नवीन बस निर्माण करू शकत नाही. बसगाड्यांची संख्या, त्यांची स्थिती, चालक-वाहकांचे वेतन, थांब्यावरचे छप्पर, या साऱ्यांची जागा तो दिवा घेऊ शकत नाही. पण जो समाज बससाठी दहा सेकंद थांबायला तयार नाही, तो बससाठी पैसे मोजायला तयार होईल, असे मानणे कठीण आहे. दहा सेकंद ही आपल्या इच्छेची परीक्षा आहे.

आपल्या कुटुंबांपुढचा प्रश्न

ख्रिस्तसभेने या विषयावर मौन पाळलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात सर्वहिताचा अर्थ उलगडून सांगितला. व्यक्तींना आणि समूहांना आपली पूर्णता अधिक सहजपणे गाठता यावी अशी सामाजिक परिस्थिती, असा त्याचा आशय आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात तर थेट शहरातल्या वाहतुकीचा उल्लेख केला आहे. एक-दोन माणसांना घेऊन फिरणाऱ्या असंख्य मोटारींमुळे होणारी कोंडी आणि प्रदूषण यांकडे बोट दाखवून, सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम देण्याची गरज त्यांनी सांगितली आणि गर्दी, गैरसोय व असुरक्षितता सोसणाऱ्या प्रवाशांच्या मानाचाही विचार केला. हे शब्द पुस्तकी नव्हते. ब्वेनोस आयरेसचे आर्चबिशप असताना ते स्वतः बसने आणि भुयारी रेल्वेने प्रवास करीत. २०१३ साली पोपपदी निवड झाल्यावरही त्या रात्री ते खास मोटार नाकारून इतर कार्डिनलांबरोबर बसमध्येच बसले. २०२५ साली ते देवाघरी गेले; त्यांचे ते बसमधले आसन मात्र आपल्या स्मरणात राहायला हवे.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांची गेल्या दोन पिढ्यांत भरभराट झाली आहे. आजोबा बैलगाडीने गेले, वडील एस. टी.ने गेले, मुले स्वतःच्या गाडीने जातात. शिक्षण, नोकरी, परदेशातील कष्ट यांचे ते फळ आहे आणि त्याबद्दल परमेश्वराचे आभार मानावेत. घरात आजारी माणूस असतो, रात्री-अपरात्री निघावे लागते. गाडी असणे हे पाप नाही. परंतु गाडीबरोबर एक नवी जागा आपल्या वाट्याला आली आहे. कालपर्यंत आपण बसच्या खिडकीतून पुढच्या मोटारीकडे पाहत होतो. आज आपल्यांतील पुष्कळ जण मोटारीच्या काचेतून बसकडे पाहतात. उद्या आपल्या शहरात हा अग्रक्रम आणण्याची वेळ आली, तर थांबण्याची विनंती इतर कोणाला नव्हे, आपल्यालाच केली जाणार आहे.

त्या वेळी आपण काय म्हणू? मिस्साबलीत आपण शेजाऱ्याचा हात हातात घेऊन शांतीची इच्छा करतो. त्या शेजाऱ्याची मुलगी बसच्या दांड्याला धरून उभी असेल. यंत्राला विवेक नसतो. ते फक्त शिकवलेले मोजते. त्याने काय मोजावे हे नगरसेवक, अभियंते आणि पोलीस ठरवतात, आणि त्यांनी काय ठरवावे हे शेवटी आपण ठरवतो. वॉर्डाच्या सभेत, मतदानाच्या वेळी आणि घरातल्या जेवणाच्या ताटावर आपण काय बोलतो यावर ते अवलंबून आहे. आपण मुकाट्याने रागावलो तर मार्गिका उखडल्या जातील. आपण समजून थांबलो तर दिवा बदलेल.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी त्या दिवशी प्रभूने त्या आजारी माणसाला, तू घाई का केली नाहीस, असे विचारले नाही. त्याची इच्छा विचारली आणि त्याला उठवले. आपल्यापाशी चमत्काराचे सामर्थ्य नाही. आपल्यापाशी आहेत ते फक्त दहा सेकंद. लाल दिव्यापाशी थांबलेले असताना समोरून साठ माणसांची बस पुढे जाऊ द्यावी आणि त्या सेकंदांत मनातल्या मनात त्यांच्यासाठी एक नमो मरिया म्हणावी. एवढी प्रतीक्षा आपण आनंदाने स्वीकारली, तर तीही आगमनकाळाचीच प्रतीक्षा होईल.